सहल कोणाची : मुलांची की आपली?

'शैक्षणिक सहल' हा शब्दप्रयोग आता केवळ शाळेपुरता उरलेला नाही. सुशिक्षित घरांतूनही सुट्टीचा प्रत्येक दिवस मुलांना 'काहीतरी शिकवणारा' असावा, असा आग्रह धरला जाऊ लागला आहे. या आग्रहामागील हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु बालरोगतज्ज्ञ म्हणून या बडोदे शहरातील मुलांच्या सहवासात आयुष्याचा मोठा काळ घालविल्यानंतर, या सद्हेतूतून मुलांच्या पदरी नेमके काय पडते, याचा विचार आपण सर्वांनी एकदा शांतपणे करावा, असे मला वाटते. स्मरणिकेच्या निमित्ताने तो येथे मांडत आहे.

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी संपली, की दवाखान्यात येणारे पालक मुलाच्या खोकल्याबरोबर सहलीचाही वृत्तांत सांगतात. अमुक दिवसांत तमुक शहरे, इतकी संग्रहालये, इतके किल्ले. मग मी मुलालाच विचारते, "तुला काय आवडलं रे?" उत्तर बहुधा असे असते : हॉटेलची लिफ्ट, वाटेत भेटलेले कुत्र्याचे पिल्लू, पायरीवर चालणारी मुंग्यांची रांग. हे ऐकून आई-बाबांचा चेहरा उतरतो. "एवढा खर्च केला आणि याच्या लक्षात काय राहिलं, तर मुंग्या!" असे उद्गार निघतात.

मला मात्र त्या मुंग्यांत काही उणे वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलाने स्वतःहून थांबून पाहिलेली ती एकच गोष्ट असते. बाकी सर्व त्याला दाखविण्यात आलेले असते. पाहणे आणि दाखविले जाणे यांत फार अंतर आहे, आणि आपल्या आजच्या सहलींचा तोल दुसऱ्या बाजूकडे पुरता झुकला आहे. सकाळी लवकर उठवायचे, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोहोचायचे, फलक वाचून घ्यायचा, छायाचित्र काढायचे आणि पुढे निघायचे. परतीच्या प्रवासात "सांग बरं, हा किल्ला कोणी बांधला?" अशी उजळणी व्हायची. कित्येक घरांत घरी आल्यावर तक्ता किंवा प्रकल्पही करावा लागतो. आठवड्याचे सहा दिवस शाळा व शिकवणी यांत अडकलेल्या मुलाला सातव्या दिवशीही परीक्षेलाच बसविले जात असेल, तर सहलीच्या आदल्या रात्री त्याचे पोट दुखू लागले, यात नवल ते काय?

बालविकासाच्या अभ्यासातून एक गोष्ट पुरेशी स्पष्ट झाली आहे. मुलाला एखादा अनुभव किती काळ व किती तपशिलाने आठवेल, हे त्या अनुभवाच्या भव्यतेपेक्षा त्याविषयी घरात नंतर कसे बोलले जाते, यावर बरेच अवलंबून असते. जे आई-वडील "मग काय झालं?", "तुला तेव्हा कसं वाटलं?", "तो असा का करत असेल?" असे मोकळे प्रश्न विचारतात आणि मुलाच्या उत्तरात स्वतःची भर घालून गप्पा वाढवितात, त्यांच्या मुलांची स्मृती व कथनशक्ती अधिक समृद्ध होते, असे या विषयावरील संशोधन सांगते. 'हो-नाही'ची किंवा एका शब्दाच्या उत्तराची प्रश्नावली हे काम करीत नाही. म्हणजे सहलीचा शैक्षणिक भाग तिकिटाच्या किमतीवर ठरत नाही. तो रात्री अंथरुणावर पडल्यावर होणाऱ्या गप्पांत ठरतो. या गप्पांना खर्च नाही, पण निवांतपणा मात्र लागतो.

शरीराच्या दृष्टीनेही घराबाहेर पडण्याचे मोल मोठे आहे. चीनमधील ग्वांगझू येथे बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांनी या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया, म्हणजे लघुदृष्टिदोष, जडला होता. उरलेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. औषध नाही, उपकरण नाही, केवळ दिवसाचा उजेड! पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोमदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच या वयात तो तासाभरापेक्षा अधिक नसावा, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. आपण सारे डॉक्टर हे सल्ले रोज देतो. परंतु 'मोबाइल देऊ नका' एवढे सांगून थांबणे पुरेसे नाही. त्या रिकाम्या झालेल्या वेळात काय करावे, हेही सांगावयास हवे.

आणि सांगावयास आपल्या बडोद्याइतके भाग्यवान शहर विरळा! सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या शिक्षणाचा दुसरा अर्धा भाग मात्र आपण विसरत चाललो आहोत. ज्ञान शाळेच्या भिंतींबाहेरही, सर्वांना सहज पोहोचता येईल असे असावे, ही महाराजांची दृष्टी होती. १८७९ साली खुली झालेली कमाटीबाग, १८९४ साली त्याच बागेत उभी राहिलेली संग्रहालयाची इमारत, खेडोपाडी पेट्यांतून पुस्तके नेणारी फिरती ग्रंथालये, हे सारे त्याच विचाराचे भाग होत. सिंगापूर पाहिलेली, पण आपल्या संग्रहालयातील देवमाशाचा सांगाडा न पाहिलेली मुले मला वरचेवर भेटतात, तेव्हा खेद वाटतो.

तो सांगाडाच उदाहरणादाखल घेऊ. महीच्या मुखाशी सापडलेल्या एका निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा तो आहे आणि त्याची लांबी सुमारे ७२ फूट आहे. त्या दालनात मुलाला नेऊन काहीही न बोलता उभे राहावे. दोन मिनिटांत प्रश्न सुरू होतात. हा मासा इथे कसा आला? समुद्र तर दूर आहे. हे पिल्लू, तर आई केवढी? मासा आहे, मग आपल्यासारख्या फासळ्या का? येथे पालकाने विश्वकोश होण्याची गरज नाही. "मलाही ठाऊक नाही, आपण शोधू," एवढे म्हणता आले की पुरे. देवमासा मासा नसून सस्तन प्राणी आहे, त्याच्या वल्ह्यासारख्या दिसणाऱ्या अवयवात आपल्या हाताच्या बोटांसारखीच हाडे आहेत, हे मुलाने स्वतः मोजून शोधले, तर ते ज्ञान जन्मभर टिकते. त्या दिवशी इजिप्तची ममी आणि अकोट्याच्या कांस्यमूर्ती राहून गेल्या, तर राहू द्याव्यात. पुन्हा येण्यास निमित्त होईल. एका सहलीत एकच वस्तू, हा नियम मी पालकांना आवर्जून सांगते.

थोडे दूर जायचे असेल, तर डभोईजवळील वढवाणा तलाव आहे. १९१० साली सिंचनासाठी बांधलेला हा जलाशय २०२१ मध्ये रामसर यादीत आला. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब येथे उतरतात. चांपानेर-पावागढ हे २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तेथील जामी मशिदीच्या कोरीव जाळीतून येणारा प्रकाश पाहण्यास कोणतेही वय चालते. डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची आगगाडी १८६२ साली सुरू झाली, तेव्हा डबे बैल ओढीत असत, हे ऐकून न हसणारे मूल मी अद्याप पाहिलेले नाही.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने सहलीला आणखी एक महत्त्व आहे. आपली मुले शाळेत इंग्रजी शिकतात, मित्रांशी गुजराती व हिंदी बोलतात, आणि मराठी हळूहळू 'जेवायला ये', 'आंघोळ झाली का' एवढ्या घरगुती आज्ञांपुरती उरते. ज्या भाषेत जगाचे वर्णन होत नाही, ती भाषा मुलाला लहान वाटू लागते. वढवाण्याच्या काठावर आजोबांबरोबर उभे असताना टिटवी, खंड्या, पाणकावळा हे शब्द जिवंत होतात. गुजरातीत टिटवीला 'टिटोडी' म्हणतात आणि खंड्याला 'कलकलियो', हे कळले की मुलाला दोन्ही भाषा आपल्याच वाटतात. शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक खात्रीचा वाटतो. तेव्हा सहलीला आजी-आजोबांना अवश्य न्यावे. त्यांची चाल मंद असते, म्हणून त्यांची आणि चार वर्षांच्या नातवाची जोडी उत्तम जमते.

या विचारात नवीन असे काही नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले आणि पुढे ठाणे जिल्ह्यात आदिवासी मुलांसाठी कुरणशाळेचा प्रयोग केला. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, हा तो विचार. मराठी आणि गुजराती बालशिक्षणाचा हा संयुक्त वारसा आपल्याइतका जवळचा आणखी कोणाला असणार?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो आपल्या व्यवसायबंधूंकडूनच अधिक येतो. रविवारची ओपीडी, तातडीचे कॉल, परिषदा! डॉक्टरांची मुले बहुधा ड्रायव्हरबरोबर फिरतात. मी पूर्ण दिवस मागत नाही. महिन्यातून एका रविवारी सकाळचे दोन तास, मोबाइल सहकाऱ्याच्या हाती सोपवून, एवढेच मागते. दूरच्या प्रवासालाही माझा विरोध नाही. जवळचे पाहण्याची सवय लागलेले मूल दूर गेल्यावर अधिक पाहते, इतकाच अनुभव आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो कोणालाही हसण्यावारी नेता येणार नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरातील हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका यांना प्राण गमवावे लागले. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक मुले बसविलेली होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्या घटनेनंतर अनेक पालकांनी मुलांना सहलीला पाठविणेच बंद केले. त्यांचे दुःख आणि भय मी समजू शकते. तरीही यातून घ्यावयाचा धडा सहली बंद करण्याचा नाही, तर प्रश्न विचारण्याचा आहे. किती मुलांमागे किती मोठी माणसे आहेत? पाण्यात उतरणार का? प्रत्येकाला जॅकेट आहे का? प्रथमोपचार कोणाला येतो? जवळचे रुग्णालय कोणते? हे प्रश्न विचारणारा पालक शाळेला कटकट्या वाटला, तरी चालेल. आणि उत्तरे न मिळाल्यास 'नाही' म्हणण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे.

येथेच आपल्या व्यवसायावरील एक जबाबदारी पुढे येते. दमा, अपस्मार, टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना सहलीतून वगळणे सर्वांना सोयीचे वाटते. 'जबाबदारी नको' म्हणून शाळा नकार देते, भीतीपोटी घरचेही मान हलवितात, आणि मूल घरी बसून इतरांची छायाचित्रे पाहते. आजाराहून हे वेगळे पडणे त्याला अधिक जाचते. अशा वेळी आपण 'प्रवास टाळावा' असे लिहून मोकळे होऊ नये. दम्याच्या मुलाबरोबर त्याचा इनहेलर व स्पेसर, मधुमेही मुलाबरोबर थंड पिशवीतील इन्सुलिन, ग्लुकोमीटर व साखर, अपस्माराच्या मुलाच्या औषधांच्या वेळा व झटका आल्यास काय करावे याच्या चार ओळी, असा कागद मराठी-गुजरातीत लिहून शिक्षकांच्या हाती दिला, तर बहुतेक मुले आनंदाने जाऊन येतात. पाण्यात किंवा उंचावर त्यांच्याबरोबर मोठे माणूस हवे, हेही त्यात लिहावे.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. वार्षिक संमेलन आणि व्याख्याने आपण करतोच. त्याबरोबर पावसाळा सरल्यापासून होळीपर्यंत दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी, सदस्यांच्या आणि समाजातील इतर कुटुंबांच्या मुलांसाठी एक छोटी भ्रमंती ठेवावी. ठिकाण जवळचे, वस्तू एक, वेळ दोन तास. सोबत दोन डॉक्टर व एक प्रथमोपचार पेटी. व्याख्यान नको, स्पर्धा नको, प्रशस्तिपत्रक तर मुळीच नको. आजारी म्हणून घरी बसविल्या जाणाऱ्या मुलांना प्रथम निमंत्रण द्यावे, कारण दोन डॉक्टर बरोबर असताना त्यांना 'नाही' म्हणण्यास कोणतेही कारण उरत नाही. पहिल्या रविवारी कमाटीबागेत देवमासा पाहावयास जाऊ. कार्यकारिणीने होकार दिल्यास सोबतच्या दोन डॉक्टरांत माझे नाव धरावे.