न बांधलेल्या घराचें छायाचित्र

जें अद्याप उभेंच राहिलें नाहीं त्याचें छायाचित्र दाखविण्याची विद्या हल्लीं आमच्याकडे फारच भरभराटली आहे. पुण्यामुंबईचें वर्तमानपत्र उघडावें, तों एखाद्या आलिशान बंगल्याची वा गगनचुंबी मनोऱ्याची दर्शनी बाजू सायंकाळच्या सोनेरी उन्हांत न्हात असलेली दिसते. प्रत्यक्षांत त्या जागीं बहुधा एक खड्डा आणि भोंवतीं पत्र्याचें कुंपण असतें. संगणकावर घडविलेल्या या चित्रास धंद्यांतील लोक ‘रेंडर’ म्हणतात. तें सुंदर असतें, याबद्दल आमची तक्रार नाहीं; त्यानें छायाचित्राचा वेष घ्यावा, याबद्दल आहे.

यामागील शास्त्र मोठें आहे, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. प्रकाश एका पृष्ठावरून दुसऱ्यावर कसा पसरत जातो याचें समीकरण जेम्स कजिया यांनीं १९८६ सालीं मांडलें; काचेंतलें आभाळ, ओल्या फरशीवरची झळाळी, सावलींत झिरपणारा मंद उजेड, हें सारें अशाच हिशेबानें येतें. परंतु सूर्य कोठें ठेवावा हें समीकरण ठरवीत नाहीं. तें पैसे देणारा बिल्डर ठरवितो. पुण्यास उत्तरेकडच्या भिंतीला सप्टेंबरच्या संपातापासून मार्चच्या संपातापर्यंत थेट ऊन शिवत नाहीं. चित्रांत तीच भिंत हव्या त्या दिवशीं उजळतां येते. वास्तविक अक्षांश, तारीख आणि वेळ सांगितली तर संगणक खरा सूर्यही दाखवूं शकतो. त्याला तें विचारतो कोण? चार महिन्यांच्या पावसानें भिंतीवर धरलेलें काळें शेवाळ, खिडक्यांखालीं लोंबणारीं वातानुकूलन यंत्रें, दोरीवरचे कपडे, हातभर अंतरावरची शेजारची इमारत, हीं सर्व गेलीं कोठें? इमारत कालची आणि झाडें मात्र वीस वर्षांचीं, हा चमत्कार तर नित्याचाच!

कोणी म्हणेल, भावी वास्तु रंगवून दाखविण्याची रीत जुनीच आहे. खरें आहे. इंग्लंडांत हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) हा उद्यानरचनाकार आपल्या धनिक आश्रयदात्यांस लाल बांधणीचीं पुस्तकें करून देई. त्यांतील जलरंगी चित्रांवर कागदाची झडप असे. ती मिटलेली असतां आजचें आवार दिसे, उचलतांच योजलेलें. रेप्टनलाही गिऱ्हाईक हवेंच होतें, आणि खुशामत त्यालाही वर्ज्य नव्हती. पण त्याची झडप पुन्हां मिटतां येत असे, आणि जलरंगाचा फटकाराच सांगे कीं ही कल्पना आहे. आजच्या चित्रांत तो कबुलीजबाब कोपऱ्यांत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत असतो.

कायदा आहे, असें आम्हांस सांगतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या बाराव्या कलमानें जाहिरातींतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्यास भरपाई मागतां येते. प्रकल्पांतून बाहेर पडावयाचें झाल्यास रक्कम सव्याज परत मागतां येते. उत्तम. पण सोनेरी ऊन हें विधान आहे काय? फाटकापाशीं फुललेला गुलमोहर हें विधान आहे काय? शब्दाला खोटें ठरवितां येतें. उजेडाला कोणत्या न्यायासनापुढें उभें करणार?

साडी घेतांना ती दुकानाबाहेर उजेडांत नेऊन रंग पाहणारीं आमचीं सुशिक्षित कुटुंबें वीस वर्षांचे हप्ते गळ्यांत बांधून घेतात, तीं मात्र परक्यानें लावलेल्या उजेडांत. याचें आम्हांस वैषम्य वाटतें. अशा प्रत्येक चित्राखालीं दिशा, तारीख, वेळ आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची ठळकपणें छापावी. जें बांधणार नाहीं वा लावणार नाहीं तें चित्रांत नसावें. आणि तें चित्र करारनाम्यास जोडावें. शिवाय त्याच जागेवरून, आषाढांतल्या दुपारचें, दुसरें एक चित्र शेजारीं द्यावें. खर्च फारसा नाहीं. सूर्य काढून ढग घालावयाचे, एवढेंच.