सी येतं, मग अडलं कुठं?

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण आज मला शुद्धलेखनापेक्षा मोठी चूक कबूल करायची आहे. ती होस्टेलच्या मेसमध्ये झाली आणि मीच केली.

मी आठवीपासून सी लिहिते. बारावीच्या सुट्टीत पॉइंटर आणि लिंक्ड लिस्ट करून टाकल्या होत्या. फर्स्ट इयरला होस्टेलमधल्या निम्म्या मुलींच्या जर्नलमधले प्रोग्राम माझ्या वहीतूनच गेलेले. त्यामुळे गेल्या वर्षी ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग हा विषय आला तेव्हा मी निर्धास्त होते. प्रिंटएफच्या जागी सीआउट, स्ट्रक्चरच्या जागी क्लास, झालं की! एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम यांच्या व्याख्या तर मी झोपेतही सांगितल्या असत्या, त्याही चांगल्या उच्चारात.

मिनी प्रोजेक्ट म्हणून मेसच्या बिलाचा माझा जुना सी प्रोग्राम काढला आणि सी प्लस प्लसमध्ये बसवला. बसवला म्हणजे काय, तर ‘मेस’ नावाचा एकच क्लास केला आणि सगळा डेटा, सगळी फंक्शन्स त्यात कोंबली. सगळं पब्लिक, ऑब्जेक्टही एकच. मार्क पडले पंचवीसपैकी चोवीस. मेस कमिटीने तोच प्रोग्राम वापरायलाही घेतला. माझी मान काय ताठ झाली होती म्हणून सांगू!

मग ऑक्टोबर आला. कमिटीने नियम बदलला. पाहुण्यांच्या जेवणाचे पैसे रोख न घेता महिन्याच्या बिलात धरायचे ठरलं. मी रात्रीतून एक फंक्शन वाढवलं. ते फंक्शन महिन्याचे दिवस नव्याने घ्यायचं आणि त्यात पाहुण्याचे दिवस मिळवायचं. आधीच्या फंक्शनने त्याच ॲरेमधून रजेचे दिवस वजा केले होते, हे माझ्या डोक्यातूनच गेलं. म्हणजे जिच्याकडे पाहुणा आला तिच्या रजा पुसल्या गेल्या!

माझी रूममेट सेलू तालुक्यातली. सोयाबीनच्या काढणीसाठी ती बारा दिवस गावी गेली होती आणि परत येताना तिची आई एक दिवस होस्टेलवर राहिली. बिल यायला हवं होतं वीस दिवसांचं, आलं बत्तीस दिवसांचं. नव्वद रुपये रोजाने एक हजार ऐंशी रुपये जास्त. ते तिने घरून मागवून भरले. मला एका शब्दाने बोलली नाही. का, ते नंतर विचारलं तर म्हणाली, “कम्प्युटरनं काढलंय म्हणल्यावर बरोबरच असंल की.”

हे वाक्य मला अजून टोचतं.

चूक सापडली ती व्हायवाच्या अभ्यासात. मी तिला एन्कॅप्सुलेशन शिकवत होते, माझाच प्रोग्राम समोर ठेवून. ती म्हणाली, “अगं, माझ्या रजा कुणाकडं लिहिल्यात?” मी म्हटलं, ॲरेमध्ये. “ते कळलं, पण तो ॲरे कुणाचाय? त्यात खाडाखोड कुणी करायची?” मला उत्तर देता येईना. सगळ्यांचाच तो ॲरे, कुणीही खाडाखोड करावी.

मग तिने मला मोंढा सांगितला. तिच्या दादांबरोबर ती दरवर्षी माल घेऊन जाते. हमाल पोती उतरवतात, लिलाव होतो, मापाडी वजन करतो, अडत्याचा मुनीम पट्टी करतो. “मुनीम वजन करायलाय का? नाही. तो मापाड्याला इचारतो. मापाड्यानं तराजूवर केलं काय आन् इलेक्ट्रॉनिक काट्यावर केलं काय, मुनीमाला फक्त आकडा पायजे. आन् मुनीमानं स्वतःच वजनात खाडाखोड केली तर भांडणं होतील ना बाई!”

मी गप्प. ज्याची माहिती त्याच्याकडे ठेवायची, दुसऱ्याने मागायची पण बदलायची नाही. हे एन्कॅप्सुलेशन. काटा बदलला तरी विचारायची रीत तीच राहते, हे पॉलिमॉर्फिझम. माझ्याकडे शब्द होते, तिच्याकडे ती गोष्ट होती.

आता मूळ मुद्द्यावर येते. माझं मत असं की ज्याला आधीपासून प्रोग्रामिंग येतं, त्याला ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत शिकणं नवख्यापेक्षा अवघड जातं. सिंटॅक्स सोपाच असतो हो. अडतं ते सवयीत. सी लिहिताना आपण वरून सगळं बघत असतो: आधी हे, मग ते, मग लूप, सगळा डेटा हाताशी. ऑब्जेक्टच्या पद्धतीत ही मालकी सोडायची असते. काम वाटून द्यायचं आणि ज्याला दिलं त्याच्यावर विश्वास टाकायचा. हुशार मुलांना नेमकं हेच जमत नाही.

हे काही माझ्या एकटीचं दुखणं नाही. १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी हा विषय कसा शिकवावा यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, सगळा कारभार एका जागेवरून दिसण्याची सवय शिकणाऱ्याकडून सोडवून घेणं, हीच शिकवण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. त्यांचा उपायही साधा. छोटी कार्डं घ्यायची. एका कार्डावर एक क्लास, त्याची जबाबदारी काय आणि मदतीला कोण लागतं, एवढंच लिहायचं. कम्प्युटर लागतच नाही!

आम्ही ते करून बघितलं. जुन्या जर्नलचे कोरे पाठकोरे कापून कार्डं केली: सभासद, रजा-वही, पाहुणे-वही, बिल. रात्री मेसमध्ये चौघी बसल्या, प्रत्येकीच्या हातात एक कार्ड. बिलाने सभासदाला विचारायचं, “तुझे दिवस किती?” सभासदाने रजा-वहीला विचारायचं, मग पाहुणे-वहीला. ज्याच्या कार्डावर जे नाही त्याने ते सांगायचं नाही. मला कार्डच दिलं नव्हतं, नुसतं बघायला बसवलं होतं. तरी मी तीनदा मध्ये बोलले, “थांबा, आधी लूप लावा!” तिन्ही वेळा हाकलले गेले. सुटले तर नाहीच, पण माझा रोग मला समजला.

त्या चार कार्डांवरून प्रोग्राम पुन्हा लिहिला. रजा फक्त रजा-वहीच बदलते. पुढे उपवासाच्या दिवशी अर्धा आकार घ्यायचं ठरलं तेव्हा एकाच क्लासला हात लावावा लागला. रूममेटचे आणि तिच्यासारख्याच आणखी दोघींचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले.

आता कोणी म्हणेल, मग सी फेकून द्यायचं का? अजिबात नाही! लिनक्सचा गाभा मुख्यतः सीमध्येच लिहिलेला आहे, आणि शिस्त असेल तर सीमध्येही माहिती झाकून ठेवता येते. उलट सी प्लस प्लसमध्ये बेशिस्त कशी करता येते ते मी वर दाखवलंच. ही भाषा करणारे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप हे स्वतः अनुभवी प्रोग्रामर. नॉर्वेतल्या सिम्युला या भाषेत प्रोग्राम कसा नीट मांडता येतो ते त्यांनी केंब्रिजला अनुभवलं होतं, पण तिचा वेग त्यांना कमी पडला. म्हणून १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये त्यांनी सीलाच क्लासची जोड द्यायला सुरुवात केली. सीची सगळी दारं उघडी राहिली. ही सोय आहे, आणि आपल्यासारख्यांना पळवाटही आहे. क्लास हा शब्द लिहिला म्हणजे विचार बदलला असं होत नाही.

म्हणून सर-मॅडमना दोन विनंत्या. एक, पहिली दोन प्रॅक्टिकल्स कम्प्युटरशिवाय घ्या, कार्डांवर. आणि ती मराठीतून बोलू द्या. लॅबमधली ती निळी स्क्रीन तशीही १९९८ साली सी प्लस प्लसचं प्रमाणीकरण झालं त्याच्या आधीची आहे. तिच्यासमोर दोन तास कमी बसलो तर फार नुकसान नाही. दोन, परीक्षेत प्रोग्राम चालला की शेवटी एक नियम बदला आणि बघा, किती ठिकाणी खोदकाम करावं लागतं. माझ्या चोवीस मार्कांचे त्या दिवशी दहा झाले असते, आणि ते योग्यच झालं असतं. परीक्षेत दहा पडणं परवडतं. कुणाच्या तरी घरून हजार रुपये मागवायला लावणं परवडत नाही.

आणि माझ्यासारख्या ‘सी येणाऱ्या’ मित्र-मैत्रिणींना एवढंच सांगते, येतं त्याचा गर्व असू द्या, पण दुसऱ्याच्या वहीत खाडाखोड करू नका. पटत नसेल तर मेसमध्ये भेटा. कार्डं अजून जपून ठेवलीत. यावेळी मलाही एक हातात मिळालंय, पाहुणे-वहीचं!