शाळा बारा वर्षांची, अट पंधरा वर्षांची

तळोज्यात 'लॉटरी' म्हटले की डोळ्यांपुढे सिडकोचे घर येते. 2018मध्ये सिडकोने 14,838 घरांची योजना काढली, तिच्यात खारघर, कळंबोली, घणसोली, द्रोणागिरी यांच्या जोडीला तळोजेही होते. तेव्हापासून 'नंबर लागला का?' हा प्रश्न इथल्या बोलण्यात रुळून गेला. पण इथे बोलायचे आहे ते दुसऱ्या लॉटरीबद्दल. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969पासून सरकार स्वतः चालवते आणि तिचा कारभार तळोज्यापासून फार लांबून नाही, वाशीतून चालतो. तिचे उत्पन्न राज्याच्या तिजोरीत जाते आणि बाकीच्या पैशांत मिसळून जाते. त्यातून कुणाचे काय भले झाले, हे तिकीट घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

हे उत्पन्न वेगळे काढून महाविद्यालयीन शुल्काच्या शिष्यवृत्तीला लावावे, एवढे सुचवले तर फारसे कुणी हरकत घेत नाही. वाद पेटतो तो पुढच्या वाक्याला. ही शिष्यवृत्ती राज्यात प्रत्यक्ष राहणाऱ्या, इथल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येक गरजू मुलामुलीला मिळावी, आणि त्यासाठी अधिवासाची 15 वर्षांची अट सोडावी, असे म्हटले की चार बाजूंनी आक्षेप येतात. ते आक्षेप एकेक करून तपासायला हवेत, कारण त्यांतले सगळेच पोकळ नाहीत.

आधी ही अट जमिनीवर कशी दिसते ते पाहू. समजा, एक मुलगी 6 वर्षांची असताना आईवडिलांबरोबर उत्तर प्रदेशातून तळोज्यात आली. वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार, आई मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात रोजंदारीवर. 2013च्या जूनमध्ये मुलीचे नाव इथल्या शाळेत पहिलीत दाखल झाले आणि 2025च्या मार्चमध्ये ती बारावीच्या परीक्षेला बसली. इयत्ता पहिली ते बारावी, एकही वर्ष राज्याबाहेर नाही. मराठी ती शाळेत शिकली, आणि पाण्याच्या टँकरपुढे रांगेत उभी राहूनही शिकली. इंजिनिअरिंगला जायचे म्हणून ती सेतू केंद्रात अधिवासाचा दाखला मागायला गेली, की तिथे हिशेब सुरू होतो. सलग वास्तव्य हवे 15 वर्षांचे, तिचे भरते 12. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाला या अटीत बसायचे असेल, तर त्याने वयाच्या तिसऱ्या वर्षी महाराष्ट्रात यायला हवे होते. इथे जन्म झाला असता, किंवा आईवडिलांपैकी एकाचा अधिवास असता, तर प्रवेशाची तरी वाट निघाली असती. तिच्या बाबतीत तेही नाही.

आणि 15 वर्षे भरली तरी ती कागदावर दाखवायची कशी? चाळीतली खोली पत्र्याची, विजेचे बिल मालकाच्या नावावर, भाडेकरार करायला मालक तयार नाही. दाखला नाही म्हणून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती नाही. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्यांसाठी असलेल्या या योजनेत 2024-25पासून मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शैक्षणिक शुल्क पूर्ण माफ आहे. महाडीबीटीच्या पोर्टलवर तो अर्ज भरण्याची सोयच या मुलीला उरत नाही.

पहिला आक्षेप सर्वांत जोरात येतो: महाराष्ट्राच्या माणसाचा पैसा, तो परप्रांतीयांवर का उधळायचा?

लॉटरीचे तिकीट हातात घेऊन पाहावे. त्यावर मालिका असते, क्रमांक असतो, सोडतीची तारीख असते. विकत घेणाऱ्याने इथे किती वर्षे काढली, ही चौकशी कुठेच नसते. मोठे बक्षीस लागले तर सरकार ओळखपत्र आणि पॅनकार्ड मागते आणि 30 टक्के प्राप्तिकर कापून घेते, पण तेव्हाही अधिवासाचा दाखला मागत नाही. तिकिटावर वस्तू आणि सेवा कर लागतो, तो सप्टेंबर 2025मध्ये 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेला. पाळी संपवून पनवेल स्थानकाबाहेर तिकीट घेणारा कंत्राटी कामगार तो कर इतरांसारखाच भरतो. मतदार यादीचेही तसेच. तिथे 'सर्वसाधारण रहिवासी' असणे पुरते, 15 वर्षे लागत नाहीत. ज्या बापाच्या मताने पनवेलचा नगरसेवक आणि आमदार निवडून येतो, त्याच्या मुलीला त्याच सरकारची शिष्यवृत्ती मागता येत नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

भोगायची वेळ येते तेव्हाही कुणी दाखला विचारत नाही. ऑगस्ट 2017मध्ये तळोज्यातल्या निळ्या कुत्र्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. कारखान्यातला रंग अंगाला लागून ती कुत्री निळी पडली होती. कासाडी नदीचे पाणी आणि रात्रीचा वास दहा वर्षांच्या रहिवाशाच्या वाट्याला तेवढाच येतो, जेवढा तीस वर्षांच्या.

'परप्रांतीय' या शब्दाचे आणखी एक आहे. 15 वर्षांची अट भाषा विचारत नाही. सुरत, बडोदे किंवा इंदूरहून आठ वर्षांपूर्वी पोटापाण्यासाठी तळोज्यात आलेले मराठी कुटुंबही तिच्या लेखी बाहेरचेच ठरते. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी प्रवेशाच्या नियमांत स्वतंत्र प्रवर्ग आहे, आणि तो असायलाच हवा. केंद्र सरकारचा कर्मचारी बदलून महाराष्ट्रात आला, तर त्याच्या मुलाला राज्याच्या कोट्यात प्रवेशासाठी अर्ज करता येतो. तिथे बापाचा नेमणुकीचा कागद पुरतो. म्हणजे महाराष्ट्राने ही चौकट गरजेप्रमाणे अनेकदा रुंद केलेली आहे. साहेबाच्या बदलीसाठी ती रुंद होते आणि कामगाराच्या स्थलांतरासाठी होत नाही, एवढाच फरक उरतो.

इथे एक जुनी गोष्ट आठवावी. 1913 साली मुंबईत बी.ए. झालेल्या एका तरुणाला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. तरुणाचे मूळ गाव कोकणातले, जन्म महूचा, शिक्षण मुंबईचे. बडोदे संस्थानात 15 वर्षे राहिल्याचा दाखला भीमराव आंबेडकरांना कुठून देता आला असता? महाराजांनी अट घातली ती पुढची: शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी. मागे किती वर्षे राहिलास, हे त्यांनी विचारले नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. रहिवाशांना शुल्कात सवलत देणे घटनेत बसते, मग अट घालण्यात चूक काय, असे म्हटले जाते. म्हणणे अर्धे खरे आहे. 1955मध्ये डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत या खटल्यात इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन शुल्क माफ होते, बाहेरच्यांना नव्हते. न्यायालयाने ती सवलत बहुमताने वैध ठरवली. पण बाहेरून येऊन तिथे स्थायिक झालेल्यांसाठी त्या नियमातली मुदत होती 5 वर्षांची. पुढे 1984मध्ये डॉ. प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याराज्यांचा वेगळा अधिवास नसतो. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांबाबत जानेवारी 2025मध्ये हीच भूमिका पुन्हा मांडली गेली. तेव्हा रहिवासाचा निकष लावायला राज्य मोकळे आहे, पण 15 हा आकडा घटनेतून आलेला नाही. प्रशासनाने ठरवला, प्रशासन बदलू शकते.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरोखर जड आहे. लॉटरीचा पैसा आटतो. पात्र मुले वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात 1993मध्ये गव्हर्नर झेल मिलर यांनी लॉटरीच्या पैशांतून होप शिष्यवृत्ती सुरू केली. सुरुवातीला ती वर्षाला 66,000 डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी होती. पुढच्याच वर्षी मर्यादा 1 लाख डॉलर झाली आणि 1995मध्ये ती पार उठवली गेली. खर्च वाढत गेला, आणि 2011मध्ये कायदा बदलून बहुतेकांच्या शुल्काची पूर्ण भरपाई बंद करावी लागली. पूर्ण शुल्क उरले ते फक्त अति उच्च गुणांच्या मुलांना. न्यू मेक्सिकोतही लॉटरीची शिष्यवृत्ती पूर्ण शुल्कावरून बरीच खाली घसरली आणि 2022मध्ये सरकारला दुसऱ्या पैशांतून ती सावरावी लागली. आक्षेप घेणाऱ्यांनी हे दाखले दिले तर ते नाकारता येणार नाहीत.

पण जॉर्जियात नेमके काय बिघडले? तिथे दार उघडले गेले ते श्रीमंतांसाठी, नव्या रहिवाशांसाठी नाही. रहिवासाची अट तिथे कधीच जाचक नव्हती: शाळा संपताना जॉर्जियाचा रहिवासी असलेल्याला 12 महिने पुरतात, नसलेल्याला 24. टेनेसीतही एक वर्ष. 2002मध्ये दोन अभ्यासकांनी जॉर्जियाच्या लॉटरीचा हिशेब मांडला, तेव्हा दिसले की तिकिटांवरचा खर्च गरिबांच्या उत्पन्नातला मोठा घास घेतो आणि शिष्यवृत्तीचा लाभ सुस्थित घरांकडे अधिक जातो. त्यातून महाराष्ट्राने शिकायचे ते हे की उत्पन्नाची मर्यादा घट्ट धरावी आणि वास्तव्याची सैल करावी. आपण आज बरोबर उलट करतो. तळोज्यातल्या त्या खोलीतली मुलगी बाहेर राहते, आणि 8 लाखांच्या काठावर कागद जुळवून बसवलेले एखादे सुखवस्तू घर आत येते.

महाराष्ट्राच्या लॉटरीचा गल्ला केरळच्या पासंगालाही पुरत नाही, हेही कबूल केले पाहिजे. केरळने 1967मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली, म्हणजे आपल्यापेक्षा फक्त दोन वर्षे आधी. 2011मध्ये के. एम. मणी अर्थमंत्री असताना तिथे 'कारुण्य' लॉटरी आली आणि तिचा पैसा गरीब रुग्णांच्या उपचारांना लावला गेला. तिकीट कशासाठी आहे हे लोकांना माहीत होते. आपल्याकडे तसा हेतू तिकिटाला जोडलेलाच नाही. एकट्या लॉटरीवर सगळे शुल्क भागणार नाही हे खरे. राज्याच्या अर्थसंकल्पाची जोड लागेलच. पण लॉटरीचा पैसा निदान वेगळ्या शीर्षाखाली दिसू लागेल आणि विधानसभेत त्याचा जाब विचारता येईल.

जुगाराच्या पैशांतून शिक्षण कशाला, असे म्हणणारेही आहेत. त्यांची तळमळ समजते. पण लॉटरी आज चालूच आहे आणि सरकारच ती चालवते. ती बंद करायची तर खुशाल करावी. जोपर्यंत चालू आहे तोपर्यंत गरिबाच्या खिशातून गेलेला पैसा गरिबाच्या मुलाकडे परत जावा, हा आग्रह त्यांनाही मान्य व्हायला हवा.

सर्वांत जपून उत्तर द्यायचे ते भूमिपुत्रांना. 95 गावांच्या आगरी-कोळी आणि इतर शेतकऱ्यांनी नवी मुंबईसाठी जमिनी दिल्या. जानेवारी 1984मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्क्यांची योजना त्या रक्तातून आली. त्यांच्या नातवंडांनी 'आमचे आधी' म्हणावे यात काही गैर नाही. मात्र प्रकल्पग्रस्तांच्या मुलांचे विद्यावेतन सिडको देते, आणि ते जमिनीच्या त्यागापोटी आहे. राज्य लॉटरीच्या शिष्यवृत्तीने त्यातला एक रुपयाही कमी होत नाही, होऊही देऊ नये. ते विद्यावेतन वाढवून मागण्याच्या लढ्यात तळोज्याच्या नव्या रहिवाशांनी जुन्यांबरोबर उभे राहायला हवे. पेंधरपर्यंत मेट्रो 17 नोव्हेंबर 2023ला धावू लागली. तिच्या डब्यात दोघांचीही मुले शेजारी उभी राहून बेलापूरला जातात.

मग निकष काय असावा? शाळा. ज्याने दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून दिली आणि त्याआधीची सलग पाच वर्षे इथल्या मान्यताप्राप्त शाळेत काढली, तो शिष्यवृत्तीपुरता रहिवासी मानावा. खोटे दाखले काढून लोक लोटतील, या भीतीलाही हेच उत्तर आहे. भाडेकरार मागच्या तारखेने करून घेता येतो, पण सात वर्षांची हजेरी करता येत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस शाईने लिहिलेला असतो, सरकारच्या सरल प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असते, आणि दहावी-बारावीचे गुणपत्रक मंडळच देते. सेतू केंद्राच्या खेपा वाचतील, तहसील कार्यालयावरचा जूनमधला ताणही उतरेल. कागदांअभावी अडणाऱ्या मराठवाडा-खानदेशातल्या ऊसतोड आणि वीटभट्टी कामगारांच्या मुलांचीही यातून सुटका होईल. त्यांचा महाराष्ट्रीयपणा कुणी नाकारत नाही, पण सलग 15 वर्षांचा पत्ता त्यांच्याकडेही नसतो.

हे करायला नवा कायदा लागत नाही, उच्च व तंत्र शिक्षण विभागाचा एक शासन निर्णय पुरे आहे. लॉटरीचे उत्पन्न वेगळे काढण्याचा निर्णय वित्त विभागाचा. पनवेलच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी मांडावी. आणि तळोज्यातल्या ज्या पालकांची मुले यंदा दहावी-बारावीला आहेत, त्यांनी शाळेत जाऊन जनरल रजिस्टरातल्या नोंदीचा उतारा आजच मागून घ्यावा आणि निवेदनाला जोडावा.