डुकराची दाढ काय सांगते?

डुक्कर म्हटले की आपल्याकडे नाक मुरडतात, शिवी द्यायलाच हे नाव जास्त वापरतात. पण वाचकहो, याच प्राण्याच्या दाढांनी आशियातील लाखो वर्षांच्या रानावनाचे दप्तर सांभाळून ठेवले आहे.

हाडे मोडतात, कुजतात, दात टिकतात. दातावरचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. म्हणून शिवालिक टेकड्यांत आणि पाकिस्तानातील पोटवार पठारावर, जुन्या नद्यांच्या गाळात, नाहीशा झालेल्या डुकरांचे जबडे व दाढा सापडतात. फाल्कनर आणि कॉटली या कंपनी सरकारच्या दोन अधिकाऱ्यांनी १८३० नंतर शिवालिकमधील असे जीवाश्म गोळा केले. १८३७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने दोघांना वोलास्टन पदक दिले. (दगड फोडणाऱ्या हातांना पदक मिळत नसते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.)

आता दाढ वाचू. आजच्या रानडुकराची दाढ बुटकी, वर गोल उंचवटे; कंद, फळे, किडे, सगळे चालते. जुन्या लिस्ट्रिओडॉनच्या दाढेवर मात्र दोन आडव्या धारा होत्या, पाला कापण्यासाठी. टेट्राकोनोडॉनच्या दाढांपुढचे दोन दात राक्षसी मोठे. काहीतरी टणक फोडून खात असावा.

आम्हाला सर्वांत नवल वाटते हिप्पोह्यूसचे. नावाचा अर्थच घोडा-डुक्कर. दाढ उंच आणि एनॅमलला घड्याच घड्या. सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी त्या भागात जंगल हटून गवत पसरले, हे जुन्या मातीतील कार्बनवरून कळते. गवत चावताना दात लवकर झिजतो, उंच दात जास्त वर्षे पुरतो. डुकराने ठरवून दात वाढवला नाही. ज्या पिलांचे दात जन्मतःच थोडे उंच, ती गवतावर जास्त जगली, त्यांची पिल्ले जास्त झाली. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले.

तरीही एकट्या दाढेवर निकाल देणे धोक्याचे. डुकराची झिजलेली दाढ माणसाच्या दाढेसारखी दिसते. १९२२ साली अमेरिकेत नेब्रास्का येथील एका दाढेवरून ऑस्बर्न या नामांकित शास्त्रज्ञाने नवा वानर जाहीर केला, वर्तमानपत्रांनी त्याचा माणूस केला. पुन्हा खोदकाम झाले आणि १९२७ साली कळले, ती दाढ पेकरीची, म्हणजे डुकराच्या अमेरिकन भाऊबंदाची होती.