बडवे गेले, साहेब आले

"सरकारला फक्त मंदिरंच दिसतात, दर्गे-मशिदी का नाही?" हा प्रश्न आता शाळेच्या स्टाफरूममध्येही चहाबरोबर येतो. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, पण उत्तर आहे. अजमेरच्या ख्वाजासाहेबांच्या दर्ग्यासाठी संसदेने १९५५ मध्ये कायदा केला. दर्गा कमिटी केंद्र सरकार नेमते, नाझिमही तेच नेमते. पिढीजात खादिम याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६१ मध्ये हरले. महाराष्ट्रातला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा धर्म विचारत नाही. आणि वक्फ बोर्ड तर कायद्याच्याच पोटी जन्मलेले, त्याचा मुख्य अधिकारी सरकार नेमते. तेव्हा 'फक्त मंदिरं' हे खरे नाही.

पण तक्रारीचा उरलेला भाग खरा आहे आणि तो मान्य करायला मला जड जात नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या, पैसेवाल्या देवस्थानांवर सरकार बसलेले आहे. पंढरपूरचा कायदा १९७३ चा, सिद्धिविनायकाचा १९८० चा (तेव्हा मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले होते, हे व्हॉट्सॲपवाल्यांना अजून सापडलेले दिसत नाही), शिर्डीचा २००४ चा. कारभार सुधारावा म्हणून सरकार आत गेले आणि खुर्ची ऊबदार लागल्यावर तिथेच राहिले. शिर्डी संस्थानाच्या तिजोरीतून २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी ५०० कोटींचे बिनव्याजी कर्ज मंजूर झाले. कालवा व्हायला हवा, शेतकऱ्याला पाणी हवेच. पण भक्ताने साईबाबांपुढे ठेवलेल्या पैशाचा पाटबंधारे खात्याशी काय संबंध? त्याच शिर्डीचे सरकारने नेमलेले विश्वस्त मंडळ २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले. तुळजापुरात देवस्थानाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, तरी दानपेटीच्या लिलावाचा घोटाळा वर्षानुवर्षे चालला. साहेब आले म्हणून चोरी थांबली असे कुठे दिसत नाही.

म्हणून 'मंदिरे समाजाकडे द्या' ही मागणी मी हसण्यावारी नेत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. समाज म्हणजे कोण?

पंढरपूरचेच बघा. शेकडो वर्षे ते देऊळ 'समाजाच्याच' हातात होते, म्हणजे बडव्यांच्या आणि उत्पातांच्या. देवापुढे पडणाऱ्या दक्षिणेच्या हक्काचे लिलाव होत. चोखोबांनी बडव्यांच्या माराची कैफियत अभंगात मांडली, त्याला सात शतके होत आली. १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे दलितांसाठी दार उघडले. पुढे नाडकर्णी आयोग बसला, १९७३ चा कायदा आला, आणि बडवे-उत्पात कोर्टात भांडत राहिले ते थेट जानेवारी २०१४ पर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले असे सांगितल्यावर समितीने पुजाऱ्यांसाठी जाहिरात काढली. कोणत्याही जातीचा माणूस अर्ज करू शकत होता, बाईसुद्धा. हे काम सरकारने केले. समाजाने, म्हणजे ज्यांना आज समाज म्हटले जाते त्यांनी, ते कधीच केले नसते. 'बडवे' हा शब्द मराठीत शिवीच्या जवळ जाऊन बसला, तो उगाच नाही.

आता गंमत अशी की त्याच जानेवारी २०१४ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने चिदंबरमच्या नटराज मंदिराबाबत उलट निकाल दिला. गैरकारभार दूर करण्यापुरते सरकारने यावे, काम झाले की निघावे, कायमचा तळ ठोकू नये, असे न्यायालय म्हणाले. तिथे दीक्षितांना स्वतंत्र संप्रदायाचा दर्जा होता, म्हणून दोन खटले अगदी सारखे नाहीत. पण चिदंबरमचा निकाल मिळवणाऱ्यांत सुब्रमण्यम स्वामी होते आणि तेच २०२३ मध्ये पंढरपूरच्या कायद्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. सरकारने निघावे हे त्यांचे म्हणणे मला पटते. निघताना चावी कोणाच्या हातात द्यायची, यावर मात्र चर्चाच होत नाही. ती परत जुन्याच घरांत गेली, तर सानेगुरुजींनी दहा दिवस उपाशी राहून काय मिळवले?

"तुम्हाला काय करायचंय आमच्या देवळांशी?" असे कोणी म्हणेलच. शनिशिंगणापूर आठवा. जून २०२५ मध्ये तिथल्या देवस्थानाने १६७ कर्मचारी काढले, त्यांत ११४ मुसलमान. कारण सांगितले गैरहजेरी आणि शिस्तभंग. त्याआधी संघटनांनी मोर्चाचा इशारा दिला होता, हा योगायोग समजायचा. शेतीत, कचरा उचलायला राबणारी ही माणसे. तो निर्णय कुठल्या साहेबाने घेतला नव्हता, गावातल्या विश्वस्तांनी घेतला होता. समाजाचा कारभार असाही असतो, आणि त्याचा हिशेब आमच्या चुलीपर्यंत येतो.

आमच्या घरातलेही बोलतो. वक्फमध्ये 'समाज' म्हणजे मुतवल्ली आणि त्याचे मेहुणे. २००६ च्या सच्चर अहवालाने मोजले, तर देशभरात ४ लाख ९० हजार नोंदलेल्या वक्फ मिळकती, आणि साऱ्यांचे मिळून वर्षाचे उत्पन्न १६३ कोटी रुपये. नीट वापरल्या तर १२ हजार कोटी येतील, असा त्या समितीचा अंदाज होता. मधला पैसा कुठल्या काफिराने नेला नाही. मोक्याच्या जागा कवडीमोल भाड्याने कोणी दिल्या, हे प्रत्येक मोहल्ल्याला माहीत असते आणि जुम्म्याच्या नमाजनंतर त्यावर कोणी बोलत नाही. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शनीच्या चौथऱ्यावर बायका चढल्या, त्याच वर्षी हाजी अलीच्या मजारीपर्यंत जायलाही त्यांना न्यायालयाचाच आदेश लागला. विश्वस्तांची जात सगळीकडे एकच.

आणि तरीही २०२५ च्या वक्फ दुरुस्तीने काय केले? राज्याच्या बोर्डावर काही सदस्य तरी निवडून येत होते. आमदार, खासदार, वकील, मुतवल्ली आपापल्यातून माणूस पाठवत. ती निवडणूकच काढून टाकली. आता सगळे नेमलेले, वर बिगर-मुस्लिम सदस्य सक्तीचे. मंदिरे सरकारमुक्त करा म्हणणाऱ्यांनीच यावर टाळ्या वाजवल्या. उलट, वक्फमध्ये सरकार नको म्हणून मोर्चे काढणारे आमचे लोक पंढरपूरच्या समितीबद्दल विचारले की म्हणतात, तिथे सरकार आहे ते बरेच आहे. दोघांनी एकदा समोरासमोर बसून हे एकमेकांना समजावून सांगावे. मी चहा पाजतो.

शिखांनी १९२५ मध्ये वेगळी वाट काढली. महंतांकडून गुरुद्वारे घेतले, सरकारला दिले नाहीत. कायद्याने मतदार यादी केली आणि प्रबंधक कमिटी निवडून दिली. तिथेही राजकारण शिरले, शेवटची निवडणूक २०११ मध्ये झाली, हे खरे. पण भाविकाला मत आहे हे तत्त्व तरी कागदावर आहे.

देवळांना हे जमणार नाही, मतदार कोण हे कसे ठरवायचे, असे म्हणतात. सिद्धिविनायकाबाबत मलाही उत्तर सुचत नाही. मंगळवारी लोकल पकडून येणाऱ्याची यादी कशी करणार? विठ्ठलाचे तसे नाही. माउलींच्या पालखीत कोणती दिंडी रथापुढे कितवी आणि रथामागे कितवी, हे ठरलेले असते. फड आहेत, फडप्रमुख आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची वारी आहे. एवढी शिस्तीची यादी आमच्या ग्रामपंचायतीकडेही नसेल. दिंड्यांनी समिती निवडावी, सरकारने फक्त हिशेब तपासावा आणि दार कोणालाही बंद होणार नाही एवढे बघावे. २०१७ मध्ये समितीवर राजकीय नेता अध्यक्ष म्हणून आला, तेव्हा वारकऱ्यांनी विरोध केला होताच. त्यावर इकडेतिकडे चार नावे बदलतात. समितीत वारकरी असतातही, पण त्यांना तिथे वारकऱ्यांनी पाठवलेले नसते. यादी मुंबईहून येते.