माधापरच्या वीरांगना

कच्छमधील भुज शहराला लागून माधापर हे गाव आहे. तेथील ‘वीरांगना स्मारक’ २०१५ साली राष्ट्राला अर्पण करण्यात आले. युद्धस्मारक म्हटले की तोफ किंवा शस्त्रधारी सैनिक डोळ्यांसमोर येतो. हे स्मारक मात्र विमानतळाची धावपट्टी दुरुस्त करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांचे आहे.

८ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी विमानांनी भुजच्या हवाई तळावर बॉम्ब टाकले. धावपट्टी उखडली गेली आणि विमानांचे उड्डाण अशक्य झाले. दुरुस्तीसाठी मनुष्यबळ अपुरे होते. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांनी गावकऱ्यांना साद घातली. सुमारे ३०० स्त्रिया पुढे आल्या. त्यांतील बहुसंख्य माधापरच्या होत्या. कोणी लहान मूल शेजाऱ्यांच्या स्वाधीन करून आली होती. शत्रूची विमाने केव्हाही परततील, हे त्या जाणून होत्या. धोक्याचा भोंगा वाजला की त्या झुडपांत आश्रय घेत. वरून दिसू नये म्हणून अंगावर फिकट हिरव्या साड्या असत. धावपट्टी झाकण्यासाठी तीवर शेण सारवले गेले. पहिल्या दिवशी पोटात अन्नही नव्हते. तरीही ७२ तासांत धावपट्टी सिद्ध झाली व विमानाने आकाशात झेप घेतली.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या श्रावकाने अशा स्मारकाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? जैन आचारशास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी संकल्पी हिंसेचा त्याग गृहस्थास अनिवार्य आहे. आश्रितांच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वथा टाळता येत नाही. ती पुण्य नव्हे, परंतु भयाने कर्तव्य सोडून पळणे हीदेखील अहिंसा नव्हे. या स्त्रियांच्या मनात कोणाच्या वधाचा संकल्प नव्हता. गाव आणि लेकरे वाचवण्याची तळमळ होती.

युद्धानंतर शासनाने त्यांना ५० हजार रुपयांचे पारितोषिक दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. परंतु ती आपसांत वाटून न घेता त्यांनी गावाच्या सामाजिक सभागृहासाठी दिली. व्यापारी कुटुंबांना जमाखर्चाचे शिक्षण बालपणापासून मिळते. प्राण पणाला लावून मिळालेले धन स्वतःच्या नावे जमा न करणे, हा अपरिग्रहाचा पाठ मात्र माधापरच्या त्या स्त्रियांकडून घ्यावा.