फळ्यावरचं एक वाक्य

माझं घर राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीकाठी. एप्रिल २०११मध्ये नाट्याला अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधकांवर गोळीबार झाला, त्यात एक जण गेला. तेव्हा मी कॉलेजात होतो. या विषयावर माझं मत काय, हे आमच्या भागात कुणी विचारतही नाही.

पुढे नोकरीनं मला नेऊन ठेवलं ते नेमकं जपानच्या फुकुई प्रांतात. देशातल्या सर्वाधिक अणुभट्ट्या इथेच. वाकासा उपसागराच्या या किनाऱ्याला ‘गेनपात्सु गिन्झा’ म्हणतात, म्हणजे अणुभट्ट्यांची बाजारपेठच. तिथल्या एका माध्यमिक शाळेत मी एएलटी, अर्थात इंग्रजीचा सहायक शिक्षक होतो. वर्ग जपानी बाईंचा. उच्चार आणि संभाषण माझ्याकडे.

पंधरा वर्षांच्या मुलांना ‘आय थिंक... बिकॉज...’ ही रचना शिकवायची होती. मी फळ्यावर लिहिलं, ‘आय थिंक न्यूक्लिअर पॉवर इज डेंजरस, बिकॉज...’ मला ते साधं उदाहरण वाटलं. वह्या तपासल्या, तर जवळजवळ प्रत्येक वहीत ‘डेंजरस’. एका मुलाची ओळ मात्र कोरी. बाई तासाला काही बोलल्या नाहीत. नंतर स्टाफरूममध्ये चहा ओतताना एवढंच म्हणाल्या, “त्याचे वडील प्रकल्पावर कामाला आहेत, सेन्सेई.”

त्या कोऱ्या ओळीनं मला जे शिकवलं, ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. इतिहासाच्या तासाला मुलाला शिक्षकाचं म्हणणं पटलं नाही, तर तो निदान मनातल्या मनात स्वतःच्या भाषेत भांडू शकतो. परक्या भाषेच्या तासाला भांडायचे शब्दही शिक्षकाकडूनच घ्यावे लागतात. मी त्याला एकाच बाजूचे शब्द दिले होते.

मग राजकारण वर्गाबाहेरच ठेवावं का? बऱ्याच शाळा तेच करतात. जपानच्या मूलभूत शिक्षण कायद्याचं कलम १४ त्यासाठी पुढे केलं जातं: शाळेनं एखाद्या पक्षाच्या बाजूनं वा विरोधात शिकवू नये. पण त्याच कलमाचा पहिला भाग सांगतो, की सुजाण नागरिकाला लागणारी राजकीय समज शिक्षणानं जपली पाहिजे. तो सोयीनं विसरला जातो. २०१६पासून जपानमध्ये अठराव्या वर्षी मतदान करता येतं. म्हणजे माझ्या वर्गातली मुलं तीन वर्षांत मतदार होणार होती. गप्प बसून त्यांचं भलं कसं होणार?

पुढच्या वर्षी तोच धडा आला. ओई प्रकल्पाच्या दोन अणुभट्ट्या चालवायला फुकुईच्या जिल्हा न्यायालयानं २०१४मध्ये मनाई केली होती. २०१८मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. न्यायाधीशांचीच दोन मतं असतील, तर फळ्यालाही दोन रकाने हवेत. एकात ‘वेस्ट’, ‘अर्थक्वेक’, ‘इव्हॅक्युएशन’. दुसऱ्यात ‘जॉब्ज’, ‘टॅक्स’, ‘चीप’. खाली ‘आय अ‍ॅम नॉट शुअर’. माझं मत लिहिलं नाही. एका मुलीनं लिहिलं, मला भीती वाटते, पण दुरुस्तीचे कामगार येतात तेव्हाच आजीची खानावळ भरते. व्याकरणाच्या चार चुका होत्या. त्या वर्षी वाचलेलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच.

शिक्षकाला मत नसावं, असं मी म्हणत नाही. तासानंतर कुणी सरळ विचारलं, तर सांगावंही. फक्त ते उदाहरणाच्या आडून मुलांच्या वहीत उतरवू नये.

माझं मत अजून तेच आहे. सुट्टीत गावी आलो की ग्रामसभेत ते ठणकावून मांडतो. तिथे मला उलट बोलणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना शब्द माझ्याकडून घ्यावे लागत नाहीत.